पाच घरांत एक संगणक

वेर्बा, सस्कॅचेवान
रविवार, ६ नोव्हेंबर १९८३

प्रिय दारका,

तुझी तब्येत कशी आहे? थंडी सुरू झाली की तुझा घसा धरायचा, तो अजून धरतो का? जावईबापूंची कंबर आता बरी आहे ना? शिडीवरून पडल्याचं तू परवाच्या वर्षी नाताळच्या कार्डावर आईला कळवलं होतंस. गेल्या वर्षीच्या कार्डात कमरेबद्दल काही नव्हतं, म्हणजे बरी असणार असं मी धरून चाललोय. आणि आमची नात एलोडी? तिचे दुधाचे दात पडायला लागले का? तुझे आधी बाजूचे पडले होते आणि पुढच्या दोन दातांवर तू महिनाभर सशासारखी घरभर हिंडत होतीस. तुमच्या म्हाताऱ्या मांजराचंही एका ओळीत लिही, आई विचारत असते.

इकडे आईचे गुडघे कुरकुरतात, पण तळघराचा जिना ती सोडत नाही. मी ठणठणीत आहे. कानाने जरासा कमी झालोय, पण ते वयाचं चालायचंच.

नऊ वर्षांत तातोने, तुझ्या बापाने, एक ओळ लिहिली नाही आणि आज अचानक कागद-पेन घेऊन कसा बसला, असं तुला वाटेल. काम निघालंय म्हणून लिहितोय. आम्ही पाच घरं मिळून एक संगणक घ्यायचं म्हणतोय.

हसू नकोस. बी साफ करायचं यंत्र बावीस वर्षं पाच घरांत फिरतंय की नाही? तसाच हाही फिरेल. एका घरी एक आठवडा. गाई कधी व्यायल्या, कुठल्या तुकड्यात कुठल्या वर्षी काय पेरलं, हे सगळं आता गोठ्याच्या दारांवर खडूने लिहिलेलं असतं, आणि कुणी दाराला रंग दिला की पाच वर्षांचा इतिहास पुसून जातो. स्टेफाचं तसंच झालं. नवरा गेल्यावर तिने एकटीने शेत सांभाळलं, गावच्या हॉलचं चिटणीसपण सांभाळलं, आणि उन्हाळ्यात हौसेने गोठ्याची दारं रंगवून बसली. संगणकाचं खूळ तिचंच.

प्रोकोपने अर्थातच विरोध केला. तो अजून तसाच आहे. देवळात स्तोत्रं म्हणताना आवाज स्वर्गात आणि सभेत बसला की नाक वर. म्हणाला, "एक गाय पाच घरांत वाटता येईल का? मग हा डबा कसा वाटणार?"

स्टेफा म्हणाली, "गाय निदान दूध देते रे. तू काय देतोस? तरी पाच घरं मिळून तुला सांभाळतोच ना!"

तर संगणक घ्यायचं ठरलं. कुठल्या कंपनीचा, ते ठरत नाहीये. स्टेफाचं मत कमोडोर. शाळेत ॲपल आहे, म्हणून काही जण ॲपल म्हणतात. आणि तिसरा आहे टॅमरॅक, तुमच्या ओटावाच्या कारखान्याचा. ती यंत्रं तुझ्या टेबलावरून तपासून बाहेर जातात हे आम्हाला कार्डावरूनच कळलं. तेव्हा अनोळखी गिऱ्हाइकाला सांगशील तसं सांग. कुठला घ्यावा?

जुनं काही उकरायला हे पत्र लिहिलेलं नाही. कापणीच्या त्या दिवसाचं जे व्हायचं ते होऊन गेलं. तुला शहराची ओढ होती म्हणून तू गेलीस, असं मी सगळ्यांना सांगतो, आणि लोकांना ते पटतंही.

तुझा,
तातो (ओस्ताप बोइको, असं लिहायची गरज नसावी)


रविवार, २० नोव्हेंबर १९८३

प्रिय दारका,

तुझं उत्तर आलं नाही. टपालाला वेळ लागतो हे मला माहीत आहे, तरी थांबवेना.

काल यॉर्कटनला जाऊन तिन्ही दुकानं पालथी घातली. मी यंत्र कसं घेतो ते तुला ठाऊक आहे. रंग आणि जाहिरात राहू दे बाजूला, आधी झाकण उघडून दाखवा. चौथीत शाळा सुटलेला माणूस मी. रेडिओ शिकलो तो टपालाने मागवलेल्या पुस्तकावरून आणि इंग्रजी शिकलो सामानाच्या कॅटलॉगवरून. आत डोकावल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही.

ॲपलचं झाकण हाताने सहज निघालं, पिठाच्या डब्यासारखं. मला फार आवडलं. पण किंमत ऐकून आमच्या पाच घरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हळूच ते झाकण परत लावलं. कमोडोरला खालून तीन स्क्रू आहेत. मी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, तर विक्रेता काउंटरवर आडवाच झाला.

"आजोबा, आजोबा! उघडलंत तर हमी जाईल!"

"अरे बाबा, आत काय आहे तेच बघितलं नाही, तर हमी कशाची घेऊ?"

"आत इलेक्ट्रॉनिक्स आहे."

"घोड्याच्या पोटात घोडा असतो, असंच सांगतोयस की!"

बिचाऱ्याची चूक नव्हती, त्याला नियम होते. तिसऱ्या दुकानातला पोरसवदा मालक मात्र म्हणाला, "हा टॅमरॅक दाखवायचाच आहे, उघडा हवं तर." चार स्क्रू. मी चष्मा वर सरकवला आणि खाली वाकून पाहत राहिलो. दारका, तिथलं डाखकाम! एकेक टाका भरतकामासारखा. एक थेंब इकडे नाही, एक तिकडे नाही. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोटभर कागद चिकटवलेला: "तपासले. डी. बी."

मी त्या मालकाला विचारलं, "ही डी. बी. कोण, माहीत आहे का तुला?"

"असेल कुणीतरी कारखान्यातली."

"कुणीतरी? माझी मुलगी आहे ती!"

दुकानात चार माणसं होती. चौघांनी माना वळवल्या. स्टेफाने माझी बाही ओढली आणि म्हणाली, "पुरे, आता टोपी काढून झोळी फिरवू नकोस." पण तीही वाकून ती चिठ्ठी वाचत होती. प्रोकोप एवढंच बोलला, "तिने हात लावलाय म्हणजे आधी आग विझवायची बादली घ्या." त्यावर मी काहीच बोललो नाही. घाईत होतो, दुकान बंद व्हायची वेळ झाली होती.

तिथेच आम्ही थंडीचाही विचार केला. उणे पस्तिसात संगणक एका घरातून दुसऱ्या घरी ट्रकने न्यायचा, म्हणजे आत दव धरणार. तोडगा सोपा आहे. आपण अकॉर्डियनला करतो तेच करायचं. बाहेरून आणला की गोधडीत गुंडाळून दोन तास स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवायचा आणि कुणी बोट लावायचं नाही. मालकाला हे सांगितलं, तर त्याने ते लिहून घेतलं. म्हणाला, माहितीपत्रकात हे नाही. मी म्हटलं, घाल.

रविवारी ४ डिसेंबरला हॉलमध्ये मतदान आहे. त्याआधी तुझं मत कळलं तर बरं होईल.

तातो


रविवार, १८ डिसेंबर १९८३

प्रिय दारका,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. किती वेळा वाचल्या ते विचारू नकोस.

"तातो, टॅमरॅक घेऊ नका. कमोडोर घ्या. कारण विचारू नका आणि हे पत्र कुणाला दाखवू नका. दारका."

मी कारण विचारत नाही आणि पत्र कुणाला दाखवलंही नाही. आईलासुद्धा नाही. तिला फक्त पाकिटावरचं तुझं अक्षर दाखवलं, ती त्यावरच खूश झाली. ज्या कारखान्याची भाकर खातेस त्याच्याच विरुद्ध तू खरं लिहिलंस, तेही अशा बापाला, ज्याने नऊ वर्षं साधी चौकशी केली नाही. माझा ऊर भरून आला.

पण दैव बघ. पत्र पोचलं सोमवारी आणि मतदान आदल्याच दिवशी उरकलं होतं. टॅमरॅकला तीन घरं, कमोडोरला एक, आणि प्रोकोपने दोन्हींच्या विरुद्ध मत दिलं. तेव्हा आता जे आहे ते आहे.

मशीन छान चाललंय हो. पहिला आठवडा स्टेफाकडे. दुसरा प्रोकोपकडे, आणि तिथे हॉकीचा घोळ झाला. पडद्यासाठी संगणक घरातल्या टीव्हीलाच जोडावा लागतो आणि शनिवारी संध्याकाळी आपल्याकडे टीव्हीला कुणी हात लावू देत नाही. शेवटी नियम केला की शनिवारी संगणकाला सुट्टी.

खरी गंमत आज्ञावलीची. मासिकात छापून येतात त्या ओळी जशाच्या तशा आत टंकाव्या लागतात, पानंच्या पानं, नुसते आकडे आणि चिन्हं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने टंकायचं. स्टेफाची बोटं चालतात आणि वाचायला प्रोकोप. आता त्याला साधं वाचता येत नाही, चाळीस वर्षं देवळात गातोय. तो चक्क चालीवर म्हणतो! "ओऽऽळ एकशे दहाऽऽ..." आणि स्वल्पविराम आला की असा लांबवतो की स्टेफाची बोटं हवेतच थांबतात. परवा बासष्ट ओळींनंतर सवयीने शेवटी "आमेन" म्हणाला आणि स्टेफाने तेही टंकलं. यंत्राने चूक दाखवली. स्टेफा म्हणाली, "बघ, याला तुझा धर्म मान्य नाही." पण गाण्यामुळे बाकी एकही चूक झाली नाही. आता आसपासच्या गावांतून लोक ऐकायला येतात. गाई व्यायच्या तारखांचं कोष्टक तयार झालं. खडू बंद.

तुझं यंत्र आमच्या गावात गातंय, दारका. बाकी काय लिहू?

जावईबापूंना नमस्कार. एलोडीच्या दातांचं तू लिहिलंच नाहीस.

तातो


रविवार, २२ जानेवारी १९८४

प्रिय दारका,

मंगळवारी रेडिओवर बातमी सांगितली. टॅमरॅक घरगुती संगणक बंद करणार. त्या कारखान्याचं ते दालन महिनाअखेर बंद.

तुझी नोकरी? तेवढं आधी कळव. आईने फोन लावायला घेतला होता, पण नंबर फक्त त्या जुन्या कार्डावर होता आणि तो आता दुसऱ्या कुणाचा निघाला. तुला जागा कमी पडत असेल, हात आखडत असेल तर इथे दोन खोल्या रिकाम्या आहेत. एलोडीला थंडी सोसत असेल तर. हे मी आधी लिहायला हवं होतं.

इथे काय चाललंय ते ऐकशील तर तुला माझी कीव येईल. वेर्बातले लोक तोंडावर गोड आहेत, पण पाठ फिरली की सुटतात. सहकारी दुकानात मला पाहून एकाने आरोळी मारली, "ओस्ताप, सुटे भाग मिळतील का रे?" सगळे हसले. यॉर्कटनच्या दुकानाच्या मालकाने मात्र सचोटी दाखवली. फेब्रुवारीच्या २९ तारखेपर्यंत टॅमरॅक परत आणा आणि बदल्यात कमोडोर घेऊन जा म्हणाला. पाच फेब्रुवारीला हॉलमध्ये त्यावर सभा आहे.

सभेच्या आधी तुला एक सांगायचंय. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

तुझं पत्र सोमवारी आलं नाही. गुरुवारी आलं, मतदानाच्या तीन दिवस आधी. सभेत ते माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. स्टेफाने विचारलंही, "तुझ्या पोरीकडून काही कळलं का?" आणि मी नकारार्थी मान हलवली. तुझं नाव येऊ नये, तुझी नोकरी जाऊ नये, म्हणून गप्प राहिलो असं मी स्वतःला सांगत होतो. पण तुझं नाव न घेताही मला "कमोडोर घ्या" म्हणता आलं असतं. तेवढं पुरलं असतं. पाचही घरं यंत्राच्या बाबतीत माझं ऐकतात. मला तुझी चिठ्ठी असलेलं यंत्र गावात हवं होतं. मुलीने तपासलेलं यंत्र घरोघर फिरावं, आणि लोकांनी तुझं नाव काढावं, असं मला झालं होतं. त्यापायी मी तुझंच ऐकलं नाही.

आणि हे दुसऱ्यांदा.

१९७४ सालच्या ऑगस्टमधलं ते मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. हार्वेस्टर अंगणात सुरू होता. गडी जमले होते. तू पत्र्यावर तळहात ठेवून उभी होतीस आणि म्हणालीस, "तातो, डाव्या बाजूचं बेअरिंग गेलंय, घरघर ऐकू येते. आज नेऊ नका." मी कान दिला. मला काहीच ऐकू आलं नाही. आलंच नसतं, दारका. माझा डावा कान त्याआधी दोन वर्षांपासून गेला होता, आणि ते तुझ्या आईशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. गावभरच्या यंत्रांचा वैद्य मी, आणि मला घरघर ऐकू येत नाही हे कळलं असतं तर माझ्याकडे कोण आलं असतं? म्हणून सगळ्यांसमोर तुला म्हटलं, "आत जा, आईला चहा ठेवू लाग." दुपारी हार्वेस्टर पेटला. आपला चाळीस एकर गहू गेला आणि प्रोकोपच्या शेताची एक पट्टी. संध्याकाळी प्रोकोप म्हणाला, "काल ती पोरगी त्यात हात घालून बसली होती, तिनेच काहीतरी बिघडवलं." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी गप्प राहिलो.

तू दारातून ते ऐकत होतीस. सप्टेंबरात तू गेलीस. शहराची ओढ वगैरे मी रचलेलं आहे.

पाच तारखेला सभेत मी हे बोलणार आहे. नोकरीचं लगेच लिही.

तातो


सोमवार, ६ फेब्रुवारी १९८४

प्रिय दारका,

काल सभा झाली. तुझं पत्र अजून आलेलं नाही, तरी आज बसून सगळं क्रमाने लिहितो, कारण यातलं बरंचसं तुझं आहे.

हॉल भरला होता. पाचच घरांचा प्रश्न, पण ऐकायला अख्खं वेर्बा. खाली तळघरात बायका सारणाच्या वारेनिकी उकडत होत्या, त्याही हात पुसत वर आल्या. टेबलावर मधोमध संगणक ठेवला होता, अजून गोधडीतच, तासाभरापूर्वीच आणलेला. स्टेफाने विषय वाचला: टॅमरॅक बदलून कमोडोर घ्यावा काय?

मी उभा राहिलो. म्हटलं, "आधी माझं ऐका. हा घेऊ नका असं मला माझ्या मुलीने मतदानाआधी कळवलं होतं. ते पत्र इथे, या खिशात होतं. मी दडपलं."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे पोरगी शहाणी आणि बाप..."

"बाप गाढव," मी म्हटलं. "लिही स्टेफा."

स्टेफा म्हणाली, "गाढवाचं इतिवृत्तात येत नाही. पुढे बोल."

मग मी पुढचं बोललो. कान, बेअरिंग, चहा, आणि संध्याकाळचं माझं गप्प राहणं. दहा मिनिटं बोललो असेन. तुझी आई पहिल्या रांगेत होती. तिला कानाचं माहीत होतं, बाकीचं माहीत नव्हतं. ती माझ्याकडे पाहत होती, आणि ते पाहणं मी कधी विसरणार नाही. पण बोलून झाल्यावर तिने शेजारच्या खुर्चीवरची तिची शाल उचलली आणि मला बसायला जागा केली.

प्रोकोप उठला. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. त्याची पट्टी जळाली होती ना. तो म्हणाला, "नऊ वर्षं त्या पोरीला शिव्या घातल्या मी. मनातल्या मनात, देवळातसुद्धा. सगळ्या फुकट गेल्या की रे, ओस्ताप! आता त्या कुणाला देऊ?"

"मला दे," मी म्हटलं.

"तुला वेगळ्या देईन. त्या जुन्या पुरायच्या नाहीत."

लोक हसले आणि हॉलला जरा श्वास आला. मग स्टेफाने ठराव मांडला. तुला ठाऊकच आहे, आपल्याकडे ठरावाशिवाय काही खरं धरत नाहीत. तिने लिहिलं: "१९७४ च्या आगीबाबत दारका बोइको हिची चूक नव्हती असे या सभेला वाटते." सूचक स्टेफा, अनुमोदक तळघरातल्या सगळ्या बायका. हात वर झाले. विरोधात एक. प्रोकोप.

स्टेफा कडाडली, "अरे, माणूस आहेस की खांब? आत्ता तूच म्हणालास ना—"

"वाटते काय?" प्रोकोप म्हणाला. "सभेला वाटते? तेव्हाही सभेला वाटलंच होतं. तेव्हाची सभा चुकली, असं लिही. तिने बरोबर सांगितलं होतं, असं लिही. आणि ज्याने तिचं नाव पहिलं घेतलं त्याचं नाव लिही. स्पेलिंग नीट लिही, शेवटी पी आहे."

तसं लिहिलं. एकमताने मंजूर. प्रोकोपने एखाद्या ठरावाला होकार दिल्याची वेर्बाच्या इतिवृत्तातली ही पहिली नोंद, असं स्टेफा म्हणते. हॉलचा शिक्का मारलेली प्रत या पत्रासोबत आहे. नऊ वर्षांचं काही भरून येत नाही हे मला कळतं. तरी ज्या हॉलमध्ये तुझ्याविषयी कुजबूज झाली, त्याच हॉलमध्ये हे मोठ्याने वाचलं गेलं, तेव्हा मी ताठ मानेने बसलो होतो. माझ्यासाठी नव्हे, तुझ्यासाठी.

मग मूळ प्रश्न. मी म्हटलं, "दारका कमोडोर म्हणाली होती. आता तरी तिचं ऐका, बदलून घ्या." मला वाटलं होतं, विषय तिथेच मिटेल. पण स्टेफा म्हणाली, "ती म्हणाली तेव्हा घेतलेला नव्हता. आता घेतलाय, चालतोय, कोष्टकं आत आहेत, आणि प्रोकोपचा आवाज त्याला सवयीचा झालाय. बंद पडलेल्या कंपनीचं आपल्याकडे काय कमी आहे? माझा ट्रॅक्टर, विहिरीचा पंप, आणि हा प्रोकोप. सगळे चालतात ना? ट्रॅक्टरची कंपनी बुडाली तेव्हा आपण काय केलं? तसलेच दोन आणून झुडपांत उभे केले, आणि एकाला जिवंत ठेवायला दोघांचे भाग काढतो. इथेही यॉर्कटनच्या दुकानात तीन पडून आहेत. ते आणायचे."

दुसरी बाजू म्हणाली, ट्रॅक्टर म्हणजे लोखंड आहे, ते आपल्याला कळतं. या डब्यातलं ओस्तापलासुद्धा अर्धंच कळतं. हे खरं आहे. मला डाखकाम कळतं, पण त्या काळ्या, पायवाल्या किड्यांपुढे, म्हणजे चिप्सपुढे, माझं चालत नाही.

हात मोजले. अडीच-अडीच, कारण एका घरात नवरा-बायकोचं जमेना. मग तुझी आई उठली. तिला सभेत बोलताना मी आजवर पाहिलेलं नाही. म्हणाली, "एवढा वेळ सगळे म्हणताय, पोरीला कळत होतं, पोरीला कळत होतं. मग पोरीलाच विचारा की!"

म्हणून दुसरा ठराव. तोही एकमताने. "टॅमरॅक ठेवून सुट्या भागांसाठी आणखी तीन घ्यावेत, की बदलून कमोडोर घ्यावा, याचा निर्णय दारका बोइको हिच्याकडे सोपवण्यात येत आहे. ती सांगेल ते पाचही घरांवर बंधनकारक राहील." त्याखाली पाच सह्या. माझी पाचवी, कारण मी चष्मा पुसत होतो आणि बाकीचे पुढे सरकले.

तेव्हा आता तू सांग. आतलं तुला माहीत आहे. तो किती वर्षं टिकेल, कुठला भाग आधी जाईल, कुठला भाग आम्ही भरून ठेवावा, आणि आमच्याने ते होईल की नाही. होणार नसेल तर तसं बेधडक लिही, कुणाचं मन राखू नकोस, माझं तर अजिबात नाही. यॉर्कटनच्या दुकानाची मुदत २९ तारखेपर्यंत आहे. २७ च्या सोमवारी स्टेफा ट्रक काढणार. तुझं पत्र हातात असल्याशिवाय कुणी किल्ली फिरवायची नाही असं ठरलंय, आणि किल्ली प्रोकोपकडे ठेवली आहे, म्हणजे ती फिरणार नाहीच.

नोकरीचं, जावईबापूंचं, एलोडीच्या दातांचं, सगळं लिही. पण आधी निर्णय लिही. पाच घरं तुझ्या शब्दावर थांबली आहेत, दारका. पत्र मिळताच बस आणि लिही.

तुझा,
तातो